पीएलए२आर पॉझिटिव्ह मेंब्रेनस नेफ्रोपॅथी: गावपातळीवर काय पाहायचं आणि पुढे काय होतं?

सीएचओ_चंद्रपूर

नमस्कार. मी सीएचओ, म्हणजे उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी. हद्दीतल्या एका रुग्णाला मेंब्रेनस नेफ्रोपॅथी (मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं गळण्याचा एक आजार) आहे, त्याबद्दल विचारायचं आहे. पुरुष, वय ४८, कापूस-सोयाबीनची शेती, खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात. सूज नसतानाचं वजन ६२ किलो, आता ६७. दोन महिन्यांपासून दोन्ही पाय सुजलेत, सकाळी डोळ्यांखाली सूज असते, आणि तक्रार अशी की "लघवीले फेस येते, बसतच नाही." आधी हत्तीरोग समजून डीईसीच्या गोळ्या झाल्या, फरक पडला नाही.

रिपोर्ट: लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) ४+, लाल पेशी ४-६. २४ तासांच्या लघवीत प्रथिनं ६.८ ग्रॅम. रक्तातलं अल्ब्युमिन २.१, कोलेस्टेरॉल ३४२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते सांगणारा आकडा) ०.९. साखर नॉर्मल, बीपी १३४/८४. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही निगेटिव्ह. सिकलसेल निगेटिव्ह. पीएलए२आर अँटिबॉडी १३८.

नागपूरच्या नेफ्रोलॉजिस्टनी बायोप्सीची (मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासण्याची) सध्या गरज नाही म्हणून सांगितलं. टेल्मिसार्टन ४०, टॉर्सेमाइड २० (लघवी वाढवून सूज उतरवणारं) आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी) सुरू केलं, महिन्याने बोलावलं आहे. घरच्यांचं म्हणणं, "एवढी मोठी बिमारी सांगितली अन् औषध तं बीपीचंच देलं." त्यांचा ओढा आता एका वैदूकडे आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: हा आजार पुढे कसा जातो, थांबून पाहणं बरोबर आहे का, आणि गावात मी नेमकं काय पाहू?

नेफ्रो_विदर्भ

ताई, आकडे नीट दिलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल.

पहिल्यांदा घरच्यांना सांगा की औषध सुरू झालेलं आहे. टेल्मिसार्टन इथे बीपीसाठी नाही. मूत्रपिंडातल्या गाळणीवरचा दाब कमी करून ते प्रथिनांची गळती घटवतं. प्रतिकारशक्ती दाबणारी जड औषधं आजच का दिली नाहीत, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आजाराच्या स्वभावातच आहे.

गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यावर पीएलए२आर हे प्रथिन असतं. या आजारात शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, ती तिथे जाऊन साचते आणि गाळणीचा पडदा जाड होतो. जाड झाला तरी तो गळका असतो, अल्ब्युमिन लघवीवाटे जातं. ही अँटिबॉडी २००९ मध्ये सापडली. दुसरं कारण नसलेल्या मेंब्रेनसच्या दहा रुग्णांमागे सात-आठ जणांत ती मिळते. म्हणूनच क्रिएटिनिन नॉर्मल, साखर नाही आणि अँटिबॉडी स्पष्ट पॉझिटिव्ह असेल तर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बायोप्सी टाळायला परवानगी देतात. नेहमीच्या एलायझा पद्धतीत १४ च्या खाली निगेटिव्ह, १४ ते २० सीमेवर, २० च्या वर पॉझिटिव्ह. १३८ म्हणजे शंका नाही.

चित्रही तसंच आहे. चाळिशी-पन्नाशीतला पुरुष, हळूहळू चढलेली सूज, सुरुवातीला बीपी फारसं नाही, क्रिएटिनिन चांगलं. लघवीत थोड्या लाल पेशी निम्म्या लोकांत दिसतात. पण डोळ्यांना दिसेल अशी लाल लघवी किंवा आठवड्यांत चढणारं क्रिएटिनिन या आजाराला शोभत नाही. तसं झालं तर नवं काहीतरी घडतंय असं धरायचं.

हत्तीरोगाचा गोंधळ आपल्या पूर्व विदर्भात होणारच. फरक असा की हत्तीरोगाची सूज बहुतेक एका पायाला जास्त असते आणि जुनी झाली की दाबून खड्डा पडत नाही. नेफ्रॉटिक सूज, म्हणजे लघवीतून प्रथिनं गेल्याने येणारी, दोन्ही पायांना सारखी, अंगठ्याने दहा सेकंद दाबलं की खड्डा राहतो, आणि सकाळी चेहऱ्यावर दिसते. पाय सुजलेल्या प्रत्येक माणसाच्या लघवीत डिपस्टिक (तपासणीची पट्टी) बुडवायची एवढं पथ्य पाळलं तर दोन महिने वाया जात नाहीत. दुधासारखी पांढरी लघवी मात्र हत्तीरोगाचीही असू शकते, आणि तिच्यातही अल्ब्युमिन पॉझिटिव्ह येतं.

आता पुढचं. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार आपोआप शमतो, बहुतेकांचा पहिल्या दोन वर्षांत. एक तृतीयांश लोकांत प्रथिनं जात राहतात पण मूत्रपिंड टिकतं. उरलेल्यांचं मूत्रपिंड पाच-दहा वर्षांत निकामी होतं. ज्याचा आजार आपणहून जाणार आहे त्याला सायक्लोफॉस्फमाइडसारखं जड औषध देणं म्हणजे विनाकारण धोका. ज्याचा जाणार नाही त्याला उशिरा देणं म्हणजे मूत्रपिंड गमावणं. सहा महिन्यांपर्यंत थांबायचं ते हे दोघे वेगळे ओळखू यावेत म्हणून. पण या काळात दर महिन्याला तपासणी व्हायलाच हवी.

वेगळे ओळखायचे ते तीन आकड्यांवरून: लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन आणि अँटिबॉडी. प्रथिनं आठ ग्रॅमच्या वर सहा महिने राहिली किंवा क्रिएटिनिन चढू लागलं तर धोका मोठा. सहा महिन्यांत प्रथिनं निम्म्याने उतरली नाहीत, शिवाय अल्ब्युमिन २.५ च्या खाली किंवा अँटिबॉडी ५० च्या वर राहिली, तरीही तसंच. यांची अँटिबॉडी १३८ आहे, त्यामुळे आपोआप शमण्याची शक्यता थोडी कमी धरावी. तीन महिन्यांनी ती पुन्हा करायला सांगा. ती वाढत असेल तर मी सहावा महिना उजाडायची वाट पाहणार नाही. उतरत असेल तर प्रथिनं आजही सहा ग्रॅम असली तरी धीर धरेन, कारण आधी अँटिबॉडी जाते आणि प्रथिनं त्यानंतर सहा-बारा महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा कमी होतात.

शमणं किती मोलाचं, ते कॅनडातल्या टोरंटोच्या नोंदींवरून कळतं. २००४ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. प्रथिनं पूर्ण थांबलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं दहा वर्षांनी जवळपास शंभर टक्के शाबूत होती, अर्धवट थांबलेल्यांत ९० टक्के, अजिबात न थांबलेल्यांत ४५ टक्के. म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या खाली आणि मूळच्या निम्म्यावर आणणं हेसुद्धा मोठं यश आहे. आजार पुन्हा उलटू शकतो, चार जणांत साधारण एकाला उलटतो. म्हणून बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं लघवी तपासायची.

रक्ताच्या गाठींबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण या रुग्णाचा आजचा सर्वांत मोठा धोका तो आहे. सगळ्या नेफ्रॉटिक आजारांत गाठी होण्याचं प्रमाण मेंब्रेनसमध्ये सर्वाधिक. अल्ब्युमिन २.८ च्या खाली गेलं की धोका चढतो, आणि यांचं २.१ आहे. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं की नाही हे भेटीत थेट विचारा. अंथरुणाला खिळणं, मोठं ऑपरेशन, जास्त वजन, आधी गाठ झालेली असणं, यांनी पारडं औषधाकडे झुकतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध दिलं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) २ ते ३ ठेवावा लागतो आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ही सोय कुठे आहे ते आधी ठरवा. तपासणीशिवाय वॉरफरिन घेणं धोक्याचं.

एक पाय दुसऱ्यापेक्षा अचानक जास्त सुजला, पोटरी दुखली, कमरेत एका बाजूला जोराची कळ येऊन लघवी लाल झाली, दम लागला किंवा छातीत टोचलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. पोटात पाणी असताना पोट दुखून ताप आला, सुजलेल्या पायाची कातडी लाल-गरम झाली, तरीही तसंच.

लॅब_वर्धा

नेफ्रो सरांचं सगळं आकड्यांवर उभं आहे, म्हणून आकडे कुठे चुकतात ते लिहिते.

२४ तासांची लघवी. सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सहाची धरून. बहुतेक लोक पहिली लघवीही धरतात किंवा शेतात गेल्यावरची सोडून देतात. म्हणून ज्या दिवशी वावरात जायचं नाही तोच दिवस निवडा. कॅन सावलीत, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही करायला सांगा: पुरुषात किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे ६२ किलोला साधारण ९३० ते १२४०. रिपोर्टमध्ये ५०० आलं तर निम्मी लघवी बाहेर गेली, आणि प्रथिनांचा "कमी झालेला" आकडा खोटा आहे. दर महिन्याला हे शक्य नसेल तर सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुरतं. पण गुणोत्तराची तुलना गुणोत्तराशीच करायची.

अल्ब्युमिन मोजायच्या दोन पद्धती आहेत, बीसीजी आणि बीसीपी. एकाच रक्तात बीसीजीचा आकडा साधारण अर्ध्या ग्रॅमने जास्त येतो. एका महिन्याला तालुक्याची लॅब आणि पुढच्या महिन्याला नागपूरची असं केलं तर २.१ चं २.६ झालेलं दिसेल आणि सगळे खूश होतील. लॅब एकच ठेवा. अँटिबॉडीसाठीही तेच.

आहार_अमरावती

ताई, मिठाकडे आधी बघा. टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड दोन्ही जास्त मिठापुढे हरतात. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. सकाळी तेवढं मीठ एका डबीत वेगळं काढायचं आणि त्यांचं सगळं त्यातूनच. भाकरीच्या पिठात मीठ नको. ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या, सांडगे, फरसाण, बाजारातली सावजी भाजी बंद. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं, हे कुणी सांगत नाही.

पथ्य पाळलं जातंय का हे विचारून कळत नाही. त्याच २४ तासांच्या लघवीत सोडियम करा. १७ मिलिमोल म्हणजे एक ग्रॅम मीठ. ८५ आलं तर पाच ग्रॅम, १७० आलं तर दहा.

मेडिकलमधलं "लो सोडियम" मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

प्रथिनं लघवीतून जातात म्हणून अंडी आणि पावडरचा मारा करतात. जास्त खाल्लेलं गाळणीवर ताण वाढवतं, अल्ब्युमिन वाढवत नाही. किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे यांना ५० ते ६० ग्रॅम: तीन-चार भाकरी, दोन वाट्या वरण, एक अंडं किंवा पेलाभर दूध यात बसतं. वॉरफरिन सुरू झालं तर पालक, मेथी, आंबाडी बंद करायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज पालक, असं केलं की आयएनआर बिघडतो.

दर्यापूर_वाचक

आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणीच खारट. अशा रुग्णाने काय करावं?

आहार_अमरावती

दादा, पाण्याची तपासणी करून सोडियम किती ते बघा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल तर तीन लिटरमधून दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ पावणेचार ग्रॅम मीठ नुसतं पाण्यातूनच जातं. डबीतल्या पाचपैकी सव्वाच उरलं. पिण्याचं आणि वरण-भाजीचं पाणी आरओचं किंवा नळयोजनेचं घ्यावं. आंघोळीला विहिरीचं चालेल.

औषधनिर्माता_भाऊ

वेचणी-सोंगणीच्या दिवसांत आमच्या दुकानांतून सगळ्यात जास्त जातात त्या दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. या रुग्णाला त्या पूर्ण बंद. टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही एकत्र आले की काही दिवसांत क्रिएटिनिन चढतं. शिवाय या गोळ्या स्वतःच मेंब्रेनस घडवू शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. गावातल्या डॉक्टरांनाही फाइल दाखवायला सांगा, कारण "सुई" बहुतेक डायक्लोफेनॅकचीच असते.

वैदूच्या पुड्यांबद्दल अगदी मनापासून सांगतो. रसकर्पूर, रससिंदूर, मकरध्वज यांत पारा असतो आणि बिनलेबलच्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. पाऱ्यामुळे होणारं मेंब्रेनस आता नीट ओळखलं गेलं आहे. त्यात पीएलए२आर बहुधा निगेटिव्ह असतो आणि बायोप्सीत नेल-१ नावाचं प्रथिन सापडतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ दरम्यान एका केंद्रात मेंब्रेनसच्या २२ रुग्णांपैकी १५ जण नेल-१ पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यांतले १३ जण रंग उजळण्याची क्रीम लावत होते. आपल्या अकोल्यात एका घरातल्या तीन बायकांना स्थानिक क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं, क्रीममध्ये पारा निघाला. चांगली बाजू अशी की पारा थांबवला की बहुतेकांची गळती काही महिन्यांत उतरते. म्हणून पुडी आणि क्रीमबद्दल घरातल्या बायकांनाही वेगळं विचारा.

सीएचओ_चंद्रपूर

सर्वांचे आभार. भाऊ, विचारलं. गुडघ्यांसाठी वर्षभर एक लाल पुडी घेत होते, तीन आठवड्यांपूर्वी बंद केली. मग निदान बदलतं का? आणि जड औषधं द्यायची वेळ आलीच तर ती कोणती, गावात काय सांभाळायचं?

नेफ्रो_विदर्भ

पुडी कायमची बंद. पीएलए२आर १३८ असल्याने निदान तेच राहतं. पण उरलेली पुडी फेकू नका, भेटीला सोबत पाठवा आणि लघवीतला पारा तपासायचा का ते विचारा. दुसरं, तोंड नीट उघडून बघा. खर्रा खाणाऱ्याच्या गालात, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर लगेच कळवा. मेंब्रेनस कधीकधी कर्करोगासोबत येतं. छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, शौचातलं लपलेलं रक्त एवढं झालेलं असावं.

औषधांचे तीन मार्ग आहेत. रिटुक्सिमॅब: एक ग्रॅमची सलाइन, पंधरा दिवसांनी दुसरी. २०१९ च्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी रिटुक्सिमॅबच्या ६० टक्के रुग्णांचा आजार शमलेला होता, सायक्लोस्पोरिनच्या २० टक्के. भारतात बनणाऱ्या आवृत्त्यांमुळे किंमत उतरली आहे. दुसरा, सहा महिन्यांचा आलटून-पालटून कोर्स: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या महिन्यात स्टेरॉइड, त्यात प्रत्येक वेळी सुरुवातीचे तीन दिवस एक ग्रॅमची सलाइन. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या महिन्यात सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या. भारतातच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने, दहा वर्षांच्या पाठपुराव्यासह, हा कोर्स मूत्रपिंड वाचवतो हे दाखवलं आहे. स्वस्त आहे, पण पांढऱ्या पेशी दर एक-दोन आठवड्यांनी मोजाव्या लागतात आणि ३५०० च्या खाली गेल्या की गोळी थांबवावी लागते. गोळी सकाळी, वर भरपूर पाणी. तिसरा, टॅक्रोलिमस: गळती लवकर उतरते, पण बंद केलं की पुष्कळांची परत येते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल सोबत गेलं की त्याची पातळी एकदम चढते.

सुरू करण्याआधी एचबीएसएजीसोबत (हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी) हिपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडीही हवी. नुसतं एचबीएसएजी पुरत नाही, लपलेला विषाणू रिटुक्सिमॅबवर उसळतो. क्षयरोगाची तपासणी, अनवाणी शेतात वावरणाऱ्याला जंतांचं औषध, आणि न्यूमोकोकलची लस शक्यतो महिनाभर आधी. शिधापत्रिका आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा. फुले जन आरोग्य योजनेत नेमकं काय बसतं ते मंजुरी घेऊनच कळतं.

सूज उतरत नाही म्हणून कुणी अल्ब्युमिनची बाटली सुचवली तर आधी फोन करा. महागडी बाटली दोन दिवसांत लघवीतून निघून जाते.

तुमच्याकडचं काम: रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर कळवा. टेल्मिसार्टन सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, त्याहून जास्त किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर थांबवून विचारा.

सीएचओ_चंद्रपूर

सर, मे महिन्यात इथे ४५ अंश असतं आणि ते वावरात जातातच. आणि ताप आला तर?

नेफ्रो_विदर्भ

उन्हाळ्यात टॉर्सेमाइडचा डोस बहुतेकदा कमी करावा लागतो. उभं राहिल्यावर चक्कर, बीपी १०० च्या खाली, वजन ६२ च्याही खाली, यांपैकी काहीही दिसलं तर डोस कमी करायला फोन करा. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड दोन्ही त्याच दिवशी बंद, ओआरएस सुरू, नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू. मीठ बंद म्हणून ओआरएस नाकारू देऊ नका. गोळ्या तात्पुरत्या बंद ठेवण्याच्या या नियमाची चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यावरच चिकटवा, कारण फाइल ट्रंकेत असते.

ताप आजही गंभीर धरायचा, कारण लघवीतून संरक्षक अँटिबॉडीही जातात. जड औषधं चालू झाल्यावर १००.४ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी रक्त तपासणी आणि डॉक्टर. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काखेत, जांघेत, कमरेला स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा) काळा खपला शोधा. दिसला तर डॉक्सिसायक्लिनला उशीर नको, आणि टॅक्रोलिमस चालू असेल तर अझिथ्रोमायसिन-क्लॅरिथ्रोमायसिनमधला फरक (पातळी चढवतं ते क्लॅरिथ्रोमायसिन) लिहून देणाऱ्याला आठवण करून द्या.